चुक्याचा राखाडी पट्टा गेला, आता लाल माठ

पानांतले रंग कागदाच्या पट्टीवर सुटे करतेय: खाली रसाचा थेंब लावायचा आणि द्रावक, म्हणजे रंग विरघळवून वर नेणारा द्रव, पट्टीवर चढू द्यायचा. त्यात चुक्याच्या पट्टीवरचा राखाडी पट्टा अखेर गेला. करडई आणि मेथीच्या पानांतून चारही रंग नीट सुटे होत होते. चुक्यात मात्र सगळ्यात वरच्या पिवळ्या-केशरी कॅरोटीनच्या खालोखाल जाडसर राखाडी पट्टा यायचा आणि दोन्ही हिरवे फिके पडायचे. हा राखाडी म्हणजे फिओफायटिन. क्लोरोफिलच्या, म्हणजे हरितद्रव्याच्या, रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्ल लागलं की तो सुटतो, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो आणि हिरव्याचा राखाडी होतो. चुक्याची भाजी शिजली की मातकट दिसते, तीही याचमुळे. पान खलात चिरडलं की पेशी फुटतात आणि आतलं ऑक्झॅलिक आम्ल थेट हरितद्रव्यावर येतं.

उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. वॉर्सात काम करणारे मिखाईल त्स्वेत, ज्यांनी १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं, ते पानं वाटतानाच आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट वापरत. मीही तेच केलं. लक्ष्मी मार्केटातून सकाळी आणलेल्या पेंडीतली कोवळी पानं धुऊन, फडक्याने कोरडी टिपून घेतली. त्यांवर चमचाभर कॅल्शियम कार्बोनेट टाकून आधी कोरडंच खललं. बारीक फेस येतो, तो थांबेपर्यंत खलत राहायचं. ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमशी बांधलं जाऊन साक्यात तळाशी बसतं. रंग उतरवून घ्यायचं ॲसिटोन त्यानंतरच घालायचं. फळ्याचा खडू वापरू नका, तो पुष्कळदा जिप्समचा असतो आणि जिप्समने आम्ल मरत नाही.

आता पट्टी बघण्यासारखी आलीय. सगळ्यात वर, द्रावक पोचला त्या रेषेला जवळजवळ चिकटून, कॅरोटीनची पिवळी-केशरी रेघ. त्याखाली झँथोफिलचा पिवळा, मग क्लोरोफिल ‘ए’चा निळसर हिरवा आणि सगळ्यात खाली ‘बी’चा पोपटी. कॅरोटीन म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन, त्याला कागदाशी काही घेणंदेणं नसतं. ते द्रावकातल्या पेट्रोलियम ईथरबरोबर सरळ वर जातं. ‘ए’ आणि ‘बी’त फरक एवढाच, की एकाच ठिकाणी ‘ए’ला मिथिल गट आहे आणि ‘बी’ला ऑक्सिजन असलेला फॉर्मिल. त्या एका ऑक्सिजनपायी ‘बी’ कागदाला जास्त धरून राहतो. एवढासा फरक डोळ्यांना बोटभर अंतराने दिसतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

द्रावक नऊ भाग पेट्रोलियम ईथर, एक भाग ॲसिटोन. कागद व्हॉटमन नं. १ हा गाळणकागद. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ४० ते ६० अंशांत उकळणारं माझं ईथर साधारण तेवढ्यावरच उकळायला लागतं. बरणीत वाफ गच्च भरली नाही तर पट्टे वाकडे चढतात. म्हणून काम पहाटे, बरणीला आतून द्रावकाने ओला केलेला टिपकागद, झाकण घट्ट. बरणी कपाटात ठेवते, कारण उजेडात क्लोरोफिल विटतं. दोन्ही द्रव भडक्याने पेटतात. खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको.

लाल माठाचं प्रकरण निराळंच आहे. त्याच द्रावकात हिरवे-पिवळे रंग वर जातात आणि लाल जिथे थेंब लावला तिथेच बसून राहतो. माठाचा लाल बीटातल्यासारखा बीटासायनिन, पाण्यात विरघळणारा. दुसरी पट्टी मिठाच्या पाण्यात उभी केली, तर उलटं झालं: लाल वर निघाला, हिरवा खालीच. तो तांबड्या कोबीतल्यासारखा अँथोसायनिन नाही, याची खात्री धुण्याच्या सोड्याच्या कडक द्रावणाने केली. तांबड्या कोबीचा रस त्यात निळा-हिरवा होतो, माठाचा पिवळा पडला. हे दोन रंग एकाच वनस्पतीत एकत्र आजवर सापडलेले नाहीत. माठ, बीट, बोगनवेल यांच्या गोतावळ्यात बीटासायनिन, जांभळ्या तुळशीत अँथोसायनिन.

पुढे करडईच्या पाकळ्या घ्यायच्या आहेत. त्यातला पिवळा पाण्याने धुऊन निघतो. लाल कार्थामिन मागे राहतो, तो सोड्याच्या पाण्यात उतरतो आणि लिंबू पिळलं की सुती कापडावर बसतो. पट्टीवर हे दोन्ही एकाच वेळी सुटे करणारा द्रावक कुणाला साधला असेल, तर प्रमाण जरूर कळवा. फुलं आली की लगेच करून बघायचंय.