आजोबांना दिसलेले तांदूळ

दुबईत घरोघरचे खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळायचं काम मी अकरा वर्षं करतोय. मूळ मालवणचा. ओहोटीला खडपात शंख-शिंपले वेचण्यात लहानपण गेलं, म्हणून असेल, पण रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या टँकमध्ये, लोक माशांकडे बघतात तेव्हा माझी नजर आधी गोगलगायींकडे जाते. काच आणि दगड शेवाळापासून मोकळे ठेवतात त्या.

त्या घरचा टँक ६०० लिटरचा. कोरल छान वाढलेले, एका कोपऱ्यात निळ्या काठाचा ट्रायडॅक्ना शिंपला. सुरुवातीला मी ४० ट्रोकस, म्हणजे भोवऱ्याच्या आकाराच्या शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, सोडल्या होत्या. काही महिने सगळं ठीक होतं, मग दर फेरीला वाळूवर दहा-बारा मेलेल्या सापडायला लागल्या.

पहिला संशय उपासमारीचा. लोक हौसेनं गोगलगायी जास्त सोडतात, शेवाळ संपतं आणि त्या उपाशी मरतात. हे मी खूपदा पाहिलंय. पण इथे काच हिरवी होती. मग तांब्याचा. माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि ते गोगलगायींना विषच. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, औषधाचा थेंबही टाकलेला नाही. टेस्ट केली, तांबं शून्य. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५, तापमान २६. सगळं जागेवर. मग मी तेच केलं जे या धंद्यात सगळे करतात, कमी झाल्या तेवढ्या भरल्या. दर पंधरा दिवसांनी दहा नव्या, दोन तास थेंबथेंब पाणी देऊन टँकच्या पाण्याला सरावलेल्या. तीन फेऱ्यांत तीस.

एक गोष्ट मात्र खुपत होती. ट्रोकस उलटी पडली तरी पाय ताणून स्वतःची स्वतः सुलटी होते. या जिथे पडायच्या तिथेच पडून राहायच्या.

चौथ्या फेरीला आजोबा जवळ आले. सांगलीहून मुलाकडे आलेले, पहाटे चारला उठणारे.

“अरे, त्या गोगलगायींच्या अंगावर रात्री तांदूळ कुठून येतात?”

“कसले तांदूळ, आजोबा?”

“पांढरे. मी उठतो तेव्हा असतात, सूनबाई उठेपर्यंत गायब. तिला वाटतं मलाच नीट दिसत नाही.”

माझ्या पोटात गोळा आला. वहिनींना विचारून रात्री साडेदहाला परत गेलो. दिवे मालवून दीड तास झाला होता. लाल टॉर्च लावला आणि काचेवरची एक ट्रोकस अलगद उचलून उलटी धरली. शंखाच्या ओठाशी अकरा पांढरे दाणे ओळीनं बसलेले. भिंगाखाली बघितलं तर प्रत्येक दाणा म्हणजे एक निमुळता शंख, आणि त्यातून निघालेली दोऱ्यासारखी सोंड थेट ट्रोकसच्या मांसात. पिरॅमिडेलिड. गोगलगायींचं अंगरस शोषणारी गोगलगाय. दिवसा फटीत दडते, रात्री जेवायला बाहेर पडते. दर पंधरा दिवसांनी मी तिला ताजं ताट वाढत होतो.

आजोबा भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बिचाऱ्या बोलणार कुणाला?”

त्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही दोघं बसलो. मऊ टूथब्रशनं एकेक शंख टँकच्याच पाण्याच्या वाडग्यात घासायचा, आजोबा टॉर्च धरणार. ते पाणी मोरीत, टँकमध्ये परत नाही. शंखांवर डिंकाच्या थेंबासारखे चिकट ठिपके होते, ती त्यांची अंडी. ती नखानं खरवडली. उरलेल्या १९ ट्रोकस हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड लावून वेगळ्या बादलीत. वाळूत राहणाऱ्या नासारियस गोगलगायी काढायला कोळंबीचा तुकडा टाकला. मिनिटभरात वाळूतून सोंडा वर आल्या. त्यांची दुसरी बादली. शिंपल्याचा बुंधा दोनदा तपासला, कारण या कुळातल्या काही जाती ट्रायडॅक्नालाही लागतात. तो स्वच्छ होता.

सिक्सलाइन रॅस मासा सोड, तो हे दाणे खातो, असं मला अनेकांनी सांगितलं. खातो खरा, पण हे रात्री बाहेर पडतात तेव्हा तो झोपलेला असतो. माझा भरवसा ब्रशवर. अंडी फुटतात म्हणून दर चार दिवसांनी घासणं, सलग सहा आठवडे. तोवर टँकची काच मी हातानं खरवडत होतो. त्यानंतर सलग काही रात्री एकही दाणा दिसला नाही, तेव्हाच ट्रोकस परत सोडल्या. एकही नवी आणली नाही. आता कुठल्याही घरी नवी गोगलगाय आधी महिनाभर माझ्याकडच्या बादलीत राहते आणि मी रात्री तिला उलटी करून बघतो.

आजोबा तोवर सांगलीला परतले होते. तीन-चार महिन्यांनी मागच्या काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले. व्हिडिओ कॉल लावला.

“आजोबा, पिल्लं झालीत. चौदा मोजली.”

“नीट बघितलंस ना? तांदूळ नाहीत ना ते?”

मी भिंग फोनसमोर धरलं. टोकाकडे निमुळता होत गेलेला, बुडाशी रुंद, इवलासा भोवरा काचेवर पाय रोवून शेवाळ खात होता.