तुम्ही विचारलंत म्हणून: गूगल कॅलेंडर असताना वेगळं कशाला?

हे मला सारखं कुणी ना कुणी विचारतं, की गूगल कॅलेंडर 2006पासून आहे, फुकट आहे, मग कॉलेजच्या मुलांसाठी असाइनमेंटचं वेगळं शेअर्ड कॅलेंडर कशाला बनवत बसलात?

आधी तेच वापरलं होतं हो. पण प्रॅक्टिकलच्या बॅचेस असतात ना, ए1चं जर्नल सोमवारी, ए2चं गुरुवारी, त्यात सर लेक्चर संपता संपता तोंडी सांगणार "पुढच्या आठवड्यात द्या", सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, ते व्हॉट्सॅपवर टाकणार आणि ते वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जाणार. कॅलेंडरमध्ये जुनीच तारीख.

मग कागदावर आमच्या नव्या कॅलेंडरच्या स्क्रीन काढल्या आणि पाच जणांना त्या वापरून बघायला बसवलं. पाचच का, तर वेबसाइट-ॲप वापरायला सोपं कसं करायचं याचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी 2000 साली लिहिलंय की पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात, पुढे त्याच त्याच दिसत राहतात, त्यापेक्षा सुधारून परत टेस्ट करा. "आवडलं का?" हे मात्र अजिबात विचारायचं नाही, आपल्याकडे समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून सगळे मस्तच म्हणतात. काम द्यायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं, आणि आपण गप्प.

डोंबिवलीहून येणारी एक मुलगी होती, तिला म्हटलं फाईल कधी द्यायचीय ते शोध. समोर लिहिलेलं "शुक्रवार, रात्री 12:00". तिने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "चला, शुक्रवार अख्खा हातात आहे." आणि आमच्या हिशेबात ती वेळ होती गुरुवार संपतानाची! शुक्रवार उजाडायच्या आधीच तिची फाईल लेट धरली गेली असती. पोटात गोळा आला माझ्या, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं, "शुक्रवारी रात्री बाराला" असंच तर बोलतो आपण सगळे. त्याच संध्याकाळी ते खोडून "गुरुवार, रात्री 11:59" केलं.

बाकीचं भराभर सुचत गेलं. बॅच निवडली की फक्त आपल्याच तारखा, बदललेली तारीख खोडून शेजारी नवी आणि ती कुणी बदलली त्याचं नाव, आणि लोकलच्या गर्दीत एका हाताने बघता यावं, नेट गेलं तरी दिसावं म्हणून आठवड्याची साधी यादी फोनमध्येच सेव्ह.

गूगल सोडायची गरज नाही, आयसीएस लिंक (एका कॅलेंडरच्या तारखा दुसऱ्यात दाखवणारी लिंक) जोडली की याच तारखा तिथेही दिसतात. फक्त तिकडे बदल पोचायला काही तास लागू शकतात, तेव्हा सबमिशनच्या आदल्या दिवशी मूळ कॅलेंडरच उघडा.