उशिरा आलेली ओळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपून, वजने होऊन, मी दिवसाचा तक्ता छापायला घेतला की हमखास कोणीतरी दारात येऊन उभे राहते. ‘दिवाणजी, भिंतीकडची चार पोती लिहायची राहिली की!’ दोन शेतकऱ्यांच्या मध्ये नवी ओळ घालणे हे एक्सेलमध्ये क्षणाचे काम आहे. ओळ येते, तिच्या रेघांची मात्र खात्री नसते.

पहिली फसवणूक पडद्यावरच होते. तिथे दिसणाऱ्या फिकट राखाडी रेघा सांगितल्याशिवाय कागदावर उमटत नाहीत, त्यामुळे पडद्यावर चौकटीत नीट बसलेली ओळ छापल्यावर कुंपण मोडलेल्या परसासारखी उघडी पडते. शिवाय नवी ओळ आपले रूप बहुधा वरच्या ओळीकडून घेते. मथळ्याच्या लगेच खाली राजापुरी हळदीचे एक वक्कल, म्हणजे एका शेतकऱ्याचा सौद्याला लावलेला माल, मी घातले, तेव्हा त्या शेतकऱ्याचे नाव मथळ्याच्या पिवळ्या रंगात आणि ठळक अक्षरांत जाऊन बसले होते. मालकांनी तो कोणी मोठा बागायतदार असावा असे समजून त्याची चौकशीही केली. ओळ घातल्यावर शेजारी उगवणाऱ्या ब्रशच्या चित्रावर टिचकी मारून ‘खालच्यासारखे रूप’ निवडता येते, हे मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळले.

खरी गुंतागुंत दोन कप्प्यांमधल्या रेघेची आहे. दिसायला ती एक असते, पण वरच्या कप्प्याची खालची कड आणि खालच्या कप्प्याची वरची कड अशा दोन्ही खात्यांवर ती मांडलेली असू शकते. आमच्याकडच्या सामाईक बांधासारखेच हे आहे: बांध एकच, पण तो दोघांचाही. दुसऱ्या तक्त्यातून उचलून आणलेली ओळ तर आपला बांध बरोबर घेऊनच येते, म्हणून चिकटवताना ‘रेघा सोडून बाकी सगळे’ हा पर्याय मी आता न विसरता निवडतो. उलट, गावाप्रमाणे नावे नव्याने लावली, तर नावे हलतात आणि रेघा जागच्या जागी राहतात. प्रत्येक गावानंतर मी हौसेने ओढलेली जाड रेघ अशा वेळी भलत्याच गावाच्या मधोमध सापडते.

कंट्रोल आणि टी दाबून सगळ्याचे टेबल केले, तर नव्या ओळी आपोआप त्याच पोशाखात येतात. पण त्याचे रंगीत पट्टे आमच्या मालकांना लग्नाच्या मांडवासारखे वाटतात, आणि ते बदलता येतात हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. म्हणून मी कंडिशनल फॉरमॅटिंगचा, म्हणजे अटीवर रूप देण्याचा, मार्ग धरला: नावाचा कप्पा रिकामा नसेल, तर त्या संपूर्ण ओळीला चौकट. नाव लिहिले की रेघा येतात, खोडले की जातात. या रेघा बारीकच असतात, जाड किंवा दुहेरी मिळत नाहीत, त्यामुळे बेरजेवरची दुहेरी रेघ मी अजून हातानेच देतो.

माझे वडीलही दिवाणजीच होते. फुटपट्टी घेऊन ते वही आखत, आणि बेरजेच्या आधी दोन ओळी आखून कोऱ्या सोडत. कागद वाया जातो, असे मी लहानपणी त्यांना म्हणालो होतो. हल्ली मीही बेरजेच्या वर एक रिकामी, कमी उंचीची ओळ ठेवतो आणि बेरजेच्या सूत्रात तिलाही धरतो. नवी ओळ तिच्या वर घातली की बेरीज चुकत नाही आणि खालची दुहेरी रेघही हलत नाही. भिंतीकडची चार पोती काल तिथेच लिहिली.