कॅनोनेट, इलेक्ट्रो की ओलिंपस?

गेल्या महिन्यात माझी पुतणी सुट्टीसाठी घरी आली, तेव्हा तिने माझ्या कपाटातले तीन जुने कॅमेरे जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि विचारले, "काका, यांतला कुठला तू मला देशील, आणि तोच का?" तिला रोलवर फोटो काढायला शिकायचे आहे. प्रश्न साधा होता, पण त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात तिन्ही कॅमेऱ्यांत एकेक रोल घालून तो धुवून आणावा लागला.

तिन्ही कॅमेरे जपानी आहेत आणि तीन वर्षांच्या अवधीत बाजारात आले आहेत: ओलिंपस ३५ आरसी १९७० साली, कॅनोनेट जी-थ्री क्यूएल १७ हा १९७२ साली आणि याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन १९७३ साली. तिन्हींचे भिंग न बदलता येणारे आहे, तिन्हींत शटर भिंगाच्या आतच बसवलेले असल्यामुळे त्याचा आवाज शेजारी बसलेल्या माणसालाही जेमतेम ऐकू येतो, आणि तिन्हींत व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दिसणाऱ्या पिवळसर ठिपक्यातली दुहेरी प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर साधायचे असते; या यंत्रणेलाच रेंजफाइंडर म्हणतात. वरवर पाहणाऱ्याला ही सख्खी भावंडे वाटतील. हातात घेऊन वर्षभर वापरल्यावर मात्र त्यांचे स्वभाव फार वेगळे आहेत हे कळते.

यांतला इलेक्ट्रो माझ्या मामांचा. ते व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि त्यांनी तो सिंगापूरहून आणला होता. रत्नागिरीच्या घरातले आमच्या लहानपणीचे जवळजवळ सगळे फोटो त्याच कॅमेऱ्याने काढलेले आहेत. कॅनोनेट मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून घेतला. ओलिंपस एका मित्राने जपानहून परतताना आणून दिला.

या वर्गातल्या कॅमेऱ्यांची तुलना करताना बहुतेक जण पहिल्यांदा भिंगाचा आकडा पाहतात. एफचा आकडा जितका लहान तितके भिंगाचे छिद्र मोठे. कॅनोनेटचे भिंग ४० मिलिमीटरचे आणि एफ १.७, इलेक्ट्रोचे ४५ मिलिमीटरचे आणि तेही एफ १.७, तर ओलिंपसचे ४२ मिलिमीटरचे, पण फक्त एफ २.८. हिशेब केला तर एफ १.७च्या भिंगातून एफ २.८च्या मानाने सुमारे पावणेतीनपट प्रकाश आत येतो, आणि कागदावर हा फरक एवढा मोठा दिसतो की ओलिंपस तिथेच स्पर्धेतून बाद होतो. मी स्वतः पाच-सहा वर्षे असेच समजत होतो. पण तिन्ही कॅमेऱ्यांच्या शटरचा सर्वांत जलद वेग एक पाचशेअंश सेकंद आहे, आणि ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे रोलची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) रोल घातला तर आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात त्या वेगाला एफ १६ लागतो. म्हणजे दिवसाउजेडी बाहेर फिरताना एफ १.७ कितीही हवासा वाटला तरी वापरता येतच नाही. तो उपयोगी पडतो तो घरात, संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात. आणि तिथे दुसरी अडचण उभी राहते. मीटरभर अंतरावरचा चेहरा एफ १.७ वर टिपताना डोळा स्पष्ट आणि कान धूसर एवढी अरुंद मर्यादा उरते, आणि पन्नास वर्षे जुन्या रेंजफाइंडरची जुळणी केसभर जरी सरकली असली तरी डोळ्याऐवजी कानच स्पष्ट येतो. माझ्या जुन्या निगेटिव्ह मी पुन्हा काढून पाहिल्या. छत्तीस चौकटींच्या रोलमध्ये पूर्ण उघड्या भिंगाने काढलेल्या चौकटी जेमतेम दोन-तीन निघाल्या, आणि त्यांतलीही एखादीच धड होती.

म्हणून आकडा बाजूला ठेवून मी दुसरा प्रश्न विचारू लागलो: हा कॅमेरा कोणता निर्णय स्वतःकडे ठेवतो, आणि तो निर्णय मला सांगतो का?

इलेक्ट्रोची गोष्ट इथेच सुरू होते. १९६६ साली याशिकाने पहिला इलेक्ट्रो ३५ आणला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने शटर चालवणारा ३५ मिलिमीटरचा रेंजफाइंडर ही जगात नवी वस्तू होती. त्यात छिद्र आपण ठरवायचे आणि शटर किती वेळ उघडे राहील ते कॅमेरा ठरवणार, तेही ठरावीक पायऱ्यांनी नव्हे, तर प्रकाशाला लागेल तेवढे नेमके, एक पाचशेअंश सेकंदापासून थेट तीस सेकंदांपर्यंत. सोय म्हणून हे अप्रतिम आहे. परंतु कॅमेऱ्याने कोणता वेग धरला आहे हे तो कुठेच दाखवत नाही. बटण अर्धे दाबले की प्रकाश फार असेल तर लाल दिवा लागतो आणि एक तीसांशपेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर पिवळा. पिवळ्याचा अर्थ एक पंधरांश आहे की पुरते दोन सेकंद, हे माणसाने अंदाजाने ओळखायचे.

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या घरी गणपतीच्या आरतीला मी हाच कॅमेरा घेऊन उभा होतो. खोलीतला मोठा दिवा मुद्दाम मालवला होता आणि उजेड फक्त समईचा व निरांजनांचा होता. पिवळा दिवा लागला, तो लागणारच होता, आणि "थोडेसेच कमी असेल" असे समजून मी श्वास रोखून बटण दाबले. शटर उघडल्याचा टिक आवाज आला आणि मिटल्याचा आवाज यायला एवढा वेळ लागला की त्या अवधीत टाळ्या दोनदा वाजून गेल्या. रोल धुवून आला तेव्हा मूर्ती स्पष्ट, समईची वात स्पष्ट आणि भोवतालची सगळी माणसे धुरासारखी पुसट झालेली. मामींचा त्या खोलीतला तो शेवटचा गणपती होता. त्यांचा चेहरा त्या चौकटीत आहे, हे फक्त आम्हालाच ओळखू येते.

कॅनोनेटने तिथे काय केले असते? त्यात उलटी रीत आहे: शटरचा वेग आपण ठरवायचा, चारांशपासून पाचशेअंश सेकंदापर्यंत, आणि छिद्र कॅमेरा निवडणार, ते कोणते निवडले हे व्ह्यूफाइंडरमधल्या काट्यावर दिसते. मी एक तीसांश लावला असता आणि तेवढ्या उजेडात एफ १.७ सुद्धा पुरत नसता, तर बटण दाबलेच गेले नसते. आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेत प्रकाश आवाक्याबाहेर असला की हा कॅमेरा शटर अडवून धरतो. काहींना ही आडकाठी वाटते. मला तो सांगून केलेला नकार वाटतो, आणि सांगून केलेल्या नकारानंतर माणूस भिंतीला टेकून, वेग कमी करून पुन्हा प्रयत्न करू शकतो. त्याच्या भिंगाबद्दल जे चांगले बोलले जाते ते खरे आहे. रोल भरण्याची क्यूएल ही सोयही खरी आहे: रोलचे टोक खुणेपर्यंत ओढून पाठ मिटली की पुढचे काम आतली पट्टी करते. नवशिक्याचा पहिला रोल चाकात न अडकल्यामुळे कोरा निघतो, तो धोका इथे बराच कमी होतो.

ओलिंपसची रीतही कॅनोनेटसारखीच, वेग आपला आणि छिद्र त्याचे, आणि आवाक्याबाहेर गेले की नकार. फरक असा की व्ह्यूफाइंडरमध्ये वेग आणि छिद्र हे दोन्ही आकडे दिसतात. डोळा न हलवता पूर्ण हिशेब समोर असतो. शिवाय वेगाची चकती भिंगाभोवती नसून वर, बटणाच्या शेजारी आहे, त्यामुळे बोटाने ती फिरवता येते. कॅनोनेटवर भिंगाभोवती कड्यांची दाटी आहे आणि माझ्या बोटांना अजूनही घाईत वेगाच्या जागी दुसरेच कडे लागते. वजनाचे म्हणाल तर ओलिंपस सुमारे ४१० ग्रॅम, कॅनोनेट ६२० आणि इलेक्ट्रो साडेसातशेच्या घरात. खांद्यावर दिवसभर वागवताना हा फरक आकड्यांहून मोठा वाटतो. ओलिंपसची उणीव एकच, पण ती ठळक आहे: त्याचा सर्वांत कमी वेग एक पंधरांश आणि भिंग एफ २.८, म्हणजे समईच्या उजेडात तो कॅनोनेटच्याही आधी हात टेकतो.

(याच कंपनीचा ओलिंपस ३५ एसपी, १९६९ सालचा, एफ १.७चा आणि दृश्याच्या मधल्या छोट्या भागाचाच प्रकाश मोजू शकणारा, मी एका स्नेह्यांचा हाताळला आहे. तो या तिन्हींपेक्षा सरस आहे असे माझे मत आहे, पण चांगल्या स्थितीत मिळाला तर त्याची किंमतही तशीच असते.)

आता सेलविषयी. कॅनोनेट आणि ओलिंपस या दोन्हींचे उजेड मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पाऱ्याचे विष माणसाचे काय करते हे जपानने मिनामाता शहरात १९५०च्या दशकापासून भोगले, आणि ते सेल पुढे जगभर बंद झाले, हे योग्यच झाले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा साधा अल्कलाइन सेल घातला तर मीटरला उजेड आहे त्याहून जास्त भासतो, कॅमेरा छिद्र लहान करतो आणि निगेटिव्ह पातळ येते. मी औषधाच्या दुकानात मिळणारा, श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल वापरतो, तो १.४ व्होल्टचा आहे. आकाराने लहान असल्यामुळे त्याच्याभोवती नळाचा लहानसा वायसर बसवावा लागतो, आणि त्यावरचा कागद एकदा सोलला की वापरा किंवा न वापरा, काही महिन्यांत तो संपतो. इलेक्ट्रोला ५.६ व्होल्टचा मोठा सेल लागत असे. त्याऐवजी सहा व्होल्टची जोडणी जाड कागदाच्या नळीत बसवून उत्तम चालते. महत्त्वाचा फरक सेल संपल्यानंतरचा आहे. कॅनोनेट व ओलिंपस सेलशिवायही सर्व वेगांवर आणि सर्व छिद्रांवर हाताने चालतात, फक्त मीटर मिळत नाही; इलेक्ट्रोत मात्र एक पाचशेअंश हा एकच वेग उरतो. शिकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मला हा निर्णायक मुद्दा वाटतो, कारण कधीतरी मीटर बंद करून नुसत्या डोळ्याने उजेड ओळखायला शिकावेच लागते.

तरीही एक गोष्ट या सगळ्या तुलनेच्या वर आहे, ती म्हणजे हातात आलेल्या नगाची प्रकृती. कॅनोनेट घेताना दुकानदाराने "मीटर चालू आहे" असे ठामपणे सांगितले होते आणि मी सेल न घालता विश्वास ठेवला. घरी आल्यावर सेलच्या खोबणीत हिरवट गंज निघाला, त्याखालची तार खाल्लेली होती, आणि दुरुस्तीला कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीएवढे पैसे गेले. तेव्हापासून मी खिशात सेल, छोटी विजेरी आणि कापसाचा बोळा ठेवल्याशिवाय जुना कॅमेरा पाहायला जात नाही. पाठ उघडायची, शटर बी वर (बटण दाबून ठेवू तोवर ते उघडे राहते) धरून ठेवायचे आणि विजेरीचा उजेड तिरपा टाकून भिंगातून पाहायचे; कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत ती हमखास मिळते, विशेषतः कॅमेरा चामड्याच्या पेटीत बंद ठेवून पावसाळे काढले असतील तर. मग शटर सर्वांत कमी वेगावर लावून आवाज ऐकायचा. पाती तेलकट झाली असतील तर ती रेंगाळतात किंवा उघडतच नाहीत, आणि कॅनोनेटमध्ये हा आजार वारंवार आढळतो. पाठीच्या खाचांतला काळा फोम बोटाला काकवीसारखा चिकटला तर तो बदलावा लागेल, पण ते घरी बसून करता येते, त्यासाठी सौदा मोडू नये. इलेक्ट्रो असेल तर रोल पुढे सरकवण्याचा दांडा ओढताना आतून "ठक्" असा आवाज येतो का, ते पाहावे. तो येत नसेल तर आतली रबराची बारीक गादी झिजून गेलेली असते आणि मग शटर प्रकाशाचे ऐकेनासे होते. शेवटी दूरच्या विजेच्या खांबावर रेंजफाइंडर रोखावा. कडे अनंतावर टेकल्यावर दोन खांबांचा एकच खांब झाला पाहिजे.

मी पुतणीला ओलिंपस द्यायचे ठरवले आहे. ती दिवसा बाहेर फिरणार, मंडईत, एसटी स्टँडवर, मैत्रिणींबरोबर टेकडीवर. ४०० आयएसओच्या रोलला तिथे एफ २.८ भरपूर होतो. प्रत्येक चौकटीआधी वेग आणि छिद्र यांचे आकडे तिच्या डोळ्यांसमोर जोडीने येतील, आणि एक बदलला की दुसरा कसा बदलतो हे तिला कोणी समजावून न सांगता उमगेल. कॅनोनेट मी घरातल्या कार्यांसाठी स्वतःकडे ठेवतो आहे. मामांचा इलेक्ट्रो विकण्याचा किंवा देण्याचा प्रश्न नाही. भर दिवसा, लाल-पिवळे दिवे विझलेले असताना त्याच्या भिंगातून येणारे रंग मला अजूनही इतर दोघांपेक्षा आवडतात, आणि यंदाच्या आरतीला तो तिवईवर असेल.

ओलिंपसच्या पाठीचा फोम परवा बदलला. नवा सेल कागद न सोलता डबीत ठेवला आहे. तो तिने स्वतःच्या हाताने बसवावा असे वाटते.