आमची वाटचाल : पत्रा, पूर आणि डॉक्टरांची टारगा

चिपळुणात बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे. १९९४ साली चाचा आणि मी मिळून ते सुरू केलं. भागीदारी निम्मी-निम्मी, कागद एकही नाही. माझ्याकडे एक गॅस वेल्डिंगचा सेट आणि वडिलांची पडवी होती. चाचांकडे मुंबईत वीस वर्षं पत्रा ठोकलेले हात आणि एक लोखंडी पेटी.

त्या पेटीबद्दल लिहायलाच हवं. सात हातोड्या, तीन डॉल्या, म्हणजे ठोकताना पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे. त्यातली एक डॉली रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यातून घासून काढलेली, तिची एक बाजू आता आरशासारखी झाली आहे. कमानपाट्याच्या तुकड्याचा केलेला चमचा, दाराच्या आत हात पोचत नाही तिथे घालायला. आणि पेटीबाहेर, कोपऱ्यात, चिंचेचा ओंडका. त्याच्या माथ्यावर वाटीसारखा खड्डा आहे. खाटीक ठोकळ्याला चिंच वापरतो ती उगीच नाही, ते लाकूड फुटत नाही. त्या वाटीत पत्रा ठेवून मलेटने, म्हणजे लाकडी हातोड्याने, मारत गेलं की हवा तेवढा फुगवटा येतो. इंग्लिश व्हील, म्हणजे दोन चाकांमध्ये पत्रा फिरवून गोलाई देणारं मशीन, आम्ही खूप उशिरा घेतलं. आजही नवीन मुलाला पहिले सहा महिने ओंडक्यावरच बसवतो. गॅरेज टाकणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मशीन नंतर घ्या, आधी कान तयार करा. पत्रा डॉलीवर बसला की आवाज बदलतो. तो ज्याला ऐकू येतो त्याला खड्डे भरायची पुट्टी कमी लागते.

कोकणात पत्राकाम करणाऱ्याला गंज वेगळा शिकावा लागत नाही. आमचं सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे हर्णैहून मासळी भरून घाटावर जाणारे टेम्पो. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर ठिबकत राहतं. वरून रंग शाबूत आणि आतून पापड. अशी शेकडो वाहनं आम्ही कापली आणि जोडली.

मधली पंधरा-सोळा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम येत गेलं, शेड वाढली, मुलं शिकली.

डॉक्टर आमच्याकडे १९९७ मध्ये पहिल्यांदा आले, पद्मिनी घेऊन. खालचा पत्रा इतका गेला होता की मॅट उचलल्यावर रस्ता दिसत होता. ते म्हणाले, "मालक, पैसे किती ते नंतर बोलू. पण पुट्टी थापून मला फसवू नका." चाचांनी त्यांना घमेल्यात काढून ठेवलेला गंज दाखवला, नवा पत्रा रंगाआधी दाखवला. त्या दिवसापासून त्यांच्या घरातलं एकही वाहन दुसऱ्या गॅरेजला गेलेलं नाही. गुहागरच्या बाजूला त्यांची बाग आहे, दर मे महिन्यात आमच्याकडे हापूसची पेटी येते.

२०१९ च्या दिवाळीनंतर त्यांनी ट्रकवरून एक गाडी उतरवली. फोक्सवॅगन-पोर्शे ९१४. कधी काळी परदेशी वकिलातीतल्या कुणीतरी आणलेली, सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली आणि मग हात बदलत बदलत कुठल्यातरी बंगल्याच्या पडवीत वीस वर्षं उभी राहिलेली.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६९ ते १९७६ या काळात ती निघाली. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, हवेवर थंड होणारं, चार सिलिंडर आडवे. छप्पर टारगा, म्हणजे सीटच्या मागे पक्की कमान आणि पुढच्या काचेची चौकट, या दोघांच्या मध्ये काढता येणारं झाकण. टारगा हा शब्द पोर्शेने सिसिलीतल्या टारगा फ्लोरिओ शर्यतीवरून घेतला आणि १९६५ मध्ये ९११ ला पहिल्यांदा लावला. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी भीती तेव्हा होती, म्हणून ती मागची कमान. ९१४ चं झाकण फायबरचं असतं. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवायच्या, झाकण उचलायचं आणि मागच्या डिकीत ठेवायचं. युरोपात उन्हाळ्यात फिरायला फार छान. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

डॉक्टरांच्या गाडीचं झाकण वाकलं होतं, रबरं दगड झाली होती. बॅटरीच्या ट्रेखालचा भाग, जिथे या गाड्या हमखास सडतात, तिथे चाचांनी बोट घातलं आणि ते आरपार गेलं. दरवाजाखालचे बॉक्सही, म्हणजे पत्र्याच्या लांब बंद पेट्या, गंजून गेले होते. छप्पर नसलेल्या गाडीत सगळा भार त्या बॉक्सवर असतो. ते गेले की गाडी मधून बसते आणि दार लागेनासं होतं. या गाडीचं डावं दार उचलूनच लावावं लागे.

डॉक्टरांनी खिशातून एक फोटो काढला. पोर्शेने स्वतः ९१४ वरून ९१६ नावाची गाडी केली होती, अकराच, आणि विक्रीला कधी आणली नाही. तिला झाकण नव्हतं. छप्पर लोखंडी, जोडून टाकलेलं, बॉडी ताठ राहावी म्हणून. "कंपनीने जे केलं ते आपण करायचं," डॉक्टर म्हणाले. चाचांनी फोटो उन्हात धरून बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाले, "छप्पर सोपं आहे. आधी खालचं घर उभं करू."

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. डॉक्टरांच्या गाडीचं पासिंग कधीच संपलेलं होतं आणि ती रस्त्यावर आणायची नव्हतीच. ती त्यांच्या बागेतल्या रस्त्यावर फिरते, बाहेर जाते ती ट्रकवर चढून. ज्याला रस्त्यावर चालवायची आहे त्याने आधी आरटीओत विचारावं, मग ग्राइंडर हातात घ्यावा.

खालचे बॉक्स, फ्लोअर आणि बॅटरीखालचा कोपरा यात सगळं २०२० गेलं. लॉकडाऊनमध्ये पत्राच मिळत नव्हता. छपराला हात लागला तो २०२१ च्या फेब्रुवारीत. दोन्ही दारांच्या चौकटीत आम्ही आधी पाइपचे आडवे-तिरपे टेकू टॅक केले, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडले. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर नाही, चारही चाकांवर, समतल लादीवर उभी होती. घोड्यांवर ठेवून छप्पर जोडलं तर गाडी जशी लटकली असेल तशीच कायमची बसते, मग आयुष्यभर दार घासत बसा. काचेच्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत दोन्ही बाजूंना १८ गेजच्या (गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड) बंद पेटीच्या पट्ट्या केल्या. खरं काम त्या पट्ट्या करतात. वरचा पत्रा २० गेजचा, त्याखाली दोन आडव्या कमानी. साचा फणसाच्या लाकडाचा, तो गुहागरच्या एका होडी बांधणाऱ्या सुताराने करून दिला. होडीच्या माणसाला गोलाई डोळ्यांनीच कळते.

९१४ च्या दाराच्या काचेला चौकट नसते. काच वर जाऊन थेट रबराला भिडते. त्यामुळे बाजूच्या पट्टीत रबराची खाच मिलिमीटरमध्ये चुकली तरी पाणी मांडीवर. ती खाच चाचांनी चार वेळा केली.

मे संपता संपता पत्रा जागेवर बसला, टॅक लागले. मला पावसाआधी पूर्ण वेल्डिंग उरकायचं होतं. चाचा तयार नव्हते. "पत्र्याला घाई समजत नाय," म्हणाले. वेल्डिंगच्या आचेने कमी फुगवट्याचा पत्रा सगळ्यात आधी लाटा धरतो हे मलाही माहीत होतं. गाडी तशीच राहिली.

२२ जुलै २०२१. चिपळूणकरांना काही सांगायला नको. पहाटे पाणी रस्त्यावर आलं आणि उजाडेपर्यंत शटरच्या कुलपाला लागलं. शेडमध्ये डॉक्टरांची टारगा आणि गिऱ्हाइकांच्या आणखी सहा गाड्या होत्या. मी समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून बघत होतो. दुसऱ्या दिवशी आत शिरलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. टारगाच्या नव्या छपरावर एक मेलेला मासा आणि कुणाच्या तरी घरातलं पाट होतं. चाचांची पेटी चिखलात हातभर खाली सापडली. ओंडका तरंगून शेडच्या मागच्या जाळीत अडकला होता.

विमा होता. पण पॉलिसीत शेड आणि मशीन होती, गिऱ्हाइकांच्या गाड्या नव्हत्या. मशीनचेही निम्मेच पैसे आले, तेही चौदा महिन्यांनी आणि चौदा खेपांनी. गॅरेजवाल्यांनो, आज घरी जाऊन पॉलिसी काढा आणि ताब्यातली वाहनं असा शब्द त्यात आहे का बघा.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. गाडीत तांदूळ, पाण्याची पिंपं, टॉर्च, गमबूट आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनांची पेटी. आमच्या सगळ्या पोरांना त्यांनी उभ्या उभ्या इंजेक्शन दिलं. टारगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. निघताना एक पाकीट माझ्या हातात ठेवलं, कामाची उरलेली सगळी मजुरी. मी म्हटलं, डॉक्टर, गाडीचं काय होईल मलाच ठाऊक नाही. ते म्हणाले, "गाडी राहू दे हो. आधी पोरांचे पगार करा."

त्याच आठवड्यात दुसरं घडलं. शहरातच एक गॅरेज आहे, नाव घेत नाही. तो मालक २००८ ते २०१३ आमच्याकडे होता, टॅक मारायला चाचांकडून शिकला. त्याचं गॅरेज उंचावर, पाणी लागलं नाही, देवाची कृपा. त्याने आमच्या गिऱ्हाइकांना फोन केले की ते गॅरेज आता उठत नाही. माझी दोन पोरं जास्त पगारावर नेली. आणि डॉक्टरांना सांगितलं की ते लोखंडी छप्पर कापून टाका, मी आठ दिवसांत फायबरचं चिकटवून देतो, दिसायला तेच. पोरं गेल्याचं मला वाईट वाटलं, पण त्यांनाही घरं होती. तो फोन मात्र मी विसरलेलो नाही. माणूस पाण्यात असताना त्याच्या गिऱ्हाइकाला फोन करायचा नसतो. डॉक्टरांनी त्याला काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. गाडी हलली नाही, एवढं मला पुरलं.

सप्टेंबरपर्यंत आम्ही फक्त धूत होतो. पुराचा चिखल बंद पेटीत शिरला की तो ओल धरून ठेवतो, आणि पत्रा आतून जातो. टारगाच्या खालच्या बॉक्सना भोकं पाडून प्रेशरच्या पाण्याने धुतलं, गढूळ पाणी तीन दिवस येत राहिलं. छपराच्या बाजूच्या पट्ट्यांतही चिखल होता. त्या आम्हीच बंद केल्या होत्या. स्वतःच्या हाताची शिवण ग्राइंडरने उघडताना चाचा बाजूला जाऊन बसले. पट्ट्या उघडल्या, धुतल्या, हॅलोजन लावून वाळवल्या, जस्ताचा प्रायमर मारला आणि पुन्हा बंद केल्या. एक गोष्ट मात्र नमूद करतो. दोन दिवस पाण्यात आणि चिखलाच्या वजनाखाली राहूनही त्या छपराचा एकही टॅक सुटला नव्हता. कर्णाची, म्हणजे कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतची, दोन्ही मापं मे महिन्यात वहीत लिहिली होती, तीच सप्टेंबरात मिळाली.

दोन नवी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन भंगारात गेली. जुनी ट्रान्सफॉर्मरची सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारी) वेल्डिंग मशीन खोलून धुतली, वाळवली, वार्निश दिलं आणि ती चालू झाली. डिसेंबरात, कोरड्या हवेत, छपराचं वेल्डिंग तिच्यावरच झालं. एक टाका इथे, पुढचा दीड फुटावर, त्यानंतरचा पलीकडच्या बाजूला. टाक्यावर तळहात ठेवायचा. हात टेकवत नसेल तर चहा प्यायचा. अकरा दिवस लागले. पत्र्यात एकच मऊ जागा राहिली, मागच्या कमानीजवळ, ती चाचांनी रुळाच्या डॉलीवर दोन तासांत आवळली. पुट्टी अख्ख्या छपराला पावशेरही लागली नाही. रंग मार्चमध्ये केला, कारण पावसाळी दमट हवेत रंग मारला की वर पांढरट साय येते आणि मग कितीही पॉलिश करा.

टेकू काढले त्या दिवशी आम्ही मागचं एक चाक जॅकवर उचललं. पूर्वी असं केलं की डाव्या दाराची फट वर रुंद आणि खाली बंद व्हायची, कागद अडकायचा. आता चाक हवेत असताना डॉक्टरांनी एका बोटाने दार लावलं. मग वीस मिनिटं पाइपने पाणी मारलं, आत सीटवर वर्तमानपत्र पसरून. वर्तमानपत्र कोरडं निघालं. ते डॉक्टरांनी घडी करून घरी नेलं.

आता तो गॅरेजवाला लोकांना सांगतो की ते छप्पर त्याच्याकडच्या पोरांनी केलं. आमच्याकडे असताना त्यांनी त्यावर पॉलिश पेपर घासला होता, हे खरं. ज्याला खात्री करायची आहे त्याने डॉक्टरांच्या परवानगीने उजव्या पट्टीचं लायनिंग उघडावं. आत चाचांच्या सेंटर पंचाचे तीन ठिपके आहेत. चाचांचं प्रत्येक काम तसंच निघतं, तो गॅरेजवालाही ते ओळखतो.

चाचा आता ठोकत नाहीत. सकाळी येऊन ओंडक्याजवळ बसतात आणि पोरांचा आवाज ऐकतात. त्या दोन पोरांतला एक मागच्या वर्षी परत आला. मी काही विचारलं नाही, त्याला त्याची जुनी हातोडी दिली.

टारगाचं मूळ फायबरचं झाकण आम्ही फेकलं नाही. असे मूळ भाग कुणीच फेकू नयेत, गाडीची ओळख त्यात असते. सरळ करून, कड्यांना तेल लावून, जुन्या चादरीत गुंडाळून ते माळ्यावर ठेवलं आहे. भिंतीवरची चिखलाची रेघ रंगवताना मी मुद्दाम सोडली. माळा तिच्यावर सव्वा हात आहे.