हेडिसटाउनचे सात दिवे

आधीच सांगते, मी नाटकवाली नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, न्यू जर्सीत राहते, आणि नाटकाशी संबंध म्हणाल तर लहानपणी ठाण्याला गडकरीत बाल्कनीत बसून बघितलेली नाटकं आणि मध्यंतरातला बटाटावडा एवढाच. पण गेल्या वर्षी डिसेंबर ते मार्च लेकीच्या हायस्कूलच्या म्युझिकलमध्ये जी काय अडकले ती अडकलेच, म्हणून म्हटलं लिहून टाकू, कुणाच्या पोरांना नाटकाचं वेड असेल तर उपयोगी पडेल.

नाटक होतं हेडिसटाउन. म्हणजे त्याची टीन एडिशन, शाळांसाठी मुलांच्या आवाजाला झेपेल अशा पट्ट्यांत बसवलेली. मूळ नाटक आम्ही न्यूयॉर्कला ४८व्या स्ट्रीटवर वॉल्टर केर थिएटरमध्ये बघितलं होतं, तेव्हापासून लेकीच्या डोक्यात ते भिनलेलं. गोष्ट ग्रीक पुराणातली. ऑर्फियस गवई, त्याची बायको युरिडिसी पाताळात जाते, हा तिला आणायला जातो, पाताळाचा राजा हेडिस गाणं ऐकून विरघळतो आणि म्हणतो ने, पण ती मागून येईल आणि वर पोचेपर्यंत तू वळून बघायचं नाहीस. पुढचं सगळ्यांना माहितीच आहे, तो वळतोच, आणि ती कायमची जाते. जुन्या कथेत युरिडिसीला साप चावतो, इथे मात्र ती थंडीला आणि भुकेला कंटाळून स्वतःच कागदावर सही करून हेडिसच्या कारखान्यात कामाला जाते, आणि मला तरी हा बदल सापापेक्षा जास्त चावला.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ही गोष्ट सांगितली तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं आमच्या सावित्रीनं यमाकडून आणलाच की परत, या बाप्याला चार पावलं सरळ चालता येईना?" यावर काय बोलणार.

तर ऑडिशन. इथे गाण्याचे १६ बार्स गायचे असतात, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट, आणि त्यावर तुमचं नशीब. लेक महिनाभर बाथरूममध्ये युरिडिसीच गात होती. कॉलबॅकही, म्हणजे दुसऱ्या फेरीचं बोलावणंही आलं. मग एका शुक्रवारी रात्री यादी लागली, ती खोलीत गेली, दार बंद, आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाली "वर्कर". म्हणजे हेडिसटाउनमधल्या कामगारांच्या कोरसात. मला इतका राग आला की मी टीचरना ईमेल लिहायला घेतली, नवऱ्याने लॅपटॉप मिटला म्हणून वाचले. नंतर कळलं की या नाटकात कामगारांना दम घ्यायला फुरसत नसते, सतत गाणं, सतत हालचाल, युरिडिसी निदान मध्ये बसते तरी.

पालकांना व्हॉलंटिअर करावंच लागतं. फॉर्ममध्ये व्यवसाय लिहिला आणि तिथेच चुकलं. टीचर म्हणाल्या, तुम्ही इंजिनिअर ना, मग दिवे तुमच्याकडे.

ज्यांनी नाटक बघितलंय त्यांना कळेल दिवे म्हणजे काय. ऑर्फियस पाताळाकडे निघतो तेव्हा अंधार होतो आणि वरून लटकलेले मोठे कारखान्यातल्यासारखे दिवे कामगार झोके देऊन सोडतात, ते प्रेक्षकांच्या अंगावर यावेत तसे येतात आणि अख्खं थिएटर श्वास रोखून बसतं. मुलांना तेच हवं होतं, हुबेहूब.

मी उत्साहात स्प्रेडशीट उघडली. लंबकाचा साधा नियम आहे, झोक्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, दिवा हलका की जड याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तीन मीटरची दोरी धरली तर एक झोका साधारण साडेतीन सेकंद, गाण्याच्या ठेक्याशी तो जुळायला हवा, म्हणून मी लांबी कमीजास्त करून तक्ता केला, प्रत्येक दिव्याला दुसरी सेफ्टी केबल दाखवली, ड्रॉइंग काढलं, रंगीत प्रिंट घेऊन गेले. शाळेचं उत्तर दोन ओळींत आलं: मुलांच्या डोक्यावर हलणारी कुठलीही वस्तू लटकवायची तर सर्टिफाइड रिगर (स्टेजवर वस्तू सुरक्षित टांगणारा तंत्रज्ञ) आणा, नाहीतर नाही. रिगरचा खर्च आमच्या अख्ख्या सेटच्या बजेटपेक्षा जास्त. मी मनातल्या मनात चिडले, पण खरं सांगायचं तर माझ्या ऑफिसात असं ड्रॉइंग आलं असतं तर मीही हेच लिहिलं असतं.

मार्ग काढला स्टेज मॅनेजरने. ही सोळा वर्षांची मुलगी, कानाला हेडसेट, हातात ही जाड फाइल, आणि तिच्यापुढे टीचरसुद्धा हळू बोलतात. तिने विचारलं, दिवा वरूनच का लटकायला पाहिजे, आम्ही धरला तर? रंगाऱ्यांची लांब होणारी काठी असते ना, छतापर्यंत रोलर पोचवायला, तिच्या टोकाला तीन फूट दोरी आणि दोरीला दिवा. सात कामगार, सात काठ्या. मी हिशोब केला तर झोका दोन सेकंदांच्या जरा आत, ठेक्याला बरा बसत होता.

शेडसाठी मी अतिहुशारी करून इंडियन स्टोअरमधून स्टीलचे वाडगे आणले, बुडाला भोकं पाडली, काळा स्प्रे मारला, आत बॅटरीचा एलईडी बल्ब. दिसायला एकदम झकास. पहिल्या तालमीत पोरांनी आठ फुटी काठ्या आडव्या पुढे धरल्या आणि दुसऱ्या कडव्यालाच हात थरथरायला लागले, एक वाडगा तर ठण्णकन स्टेजवर. वजन जेवढं लांब तेवढं मनगटाला जड, हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकले, त्यावर पोट भरते, आणि तेच विसरले. वाडगे परत घरी आले (अजून वापरतोय, भोकाचे, धुतलेली कोथिंबीर निथळायला) आणि त्याजागी प्लास्टिकच्या हलक्या कुंड्या उलट्या टांगल्या. लांबून कुणाला काही कळलं नाही.

मधल्या तालमींबद्दल फार लिहीत नाही, रोज तीन तास आणि शनिवारी दिवसभर, आणि मी कार्पूल. पण दोन गोष्टी सांगायच्याच. आमची हर्मिस मुलगी होती. हर्मिस म्हणजे या नाटकाचा अगदी आपला सूत्रधार, सुरुवातीला येऊन पात्रांची ओळख करून देतो, ही जुनी गोष्ट आहे, दुःखाची आहे, तरी आम्ही पुन्हा सांगणार असं आधीच बजावतो. नांदी ऐकून मोठं झालेल्या माणसाला हे परकं वाटतच नाही. ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, आधी आंद्रे डी शील्ड्स करायचे, त्यांना त्यासाठी टोनी, म्हणजे तिकडचं नाटकाचं मोठं पारितोषिक मिळालं, आणि २०२२ मध्ये लिलियस व्हाइट ही बाई हर्मिस झाली, तेव्हापासून पोरींना ही वाट मोकळी.

दुसरी गोष्ट भिंतीच्या गाण्याची. पहिला अंक संपताना हेडिस कामगारांना विचारत जातो आपण भिंत का बांधतो आणि ते उत्तरं देतात, गोल गोल, शेवटी उत्तर प्रश्नापाशीच परत येतं. पालकांच्या मीटिंगमध्ये एकाने कुरकुर केली की शाळेत हे ट्रम्पच्या भिंतीचं राजकारण कशाला. तर ते गाणं २००६ सालचं आहे, नाटकाची गीतकार-संगीतकार अनाइस मिचेल हिने व्हरमाँटमध्ये गावपातळीवर हे नाटक पहिल्यांदा केलं तेव्हाचं, शाळेची जुनी बस रंगवून त्यातून फिरले होते ते लोक. मग २०१० ला अल्बम, २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये छोट्या थिएटरला, तिथून कॅनडातलं एडमंटन, लंडन आणि २०१९ ला ब्रॉडवे, आठ टोनी. एका नाटकाला तेरा वर्षं! हे मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, लेकीला कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग आला टेक वीक, शोच्या आधीचा आठवडा, ज्याला सगळे हेल वीक म्हणतात आणि पाताळाच्या नाटकाला ते शोभतंच. या आठवड्यात नट अभिनय करत नाहीत, नुसते उभे राहतात आणि पुढे जातात, दिव्यांचे आणि आवाजाचे क्यू, म्हणजे कधी काय सुरू-बंद करायचं त्याच्या खुणा, बसवायला. एक वाक्य, थांबा, मागे जा, पुन्हा तेच वाक्य. आम्ही रात्री साडेदहापर्यंत. मला काळे कपडे घालून डाव्या विंगेत उभं केलं, काम एकच, काठ्या हातात देणे आणि परत घेणे. स्टेजवर टेपचे छोटे रंगीत तुकडे चिकटवलेले, कोण कुठे उभं राहणार त्याचे, आणि अंधारात चमकणारा टेप कडेला, म्हणजे कुणी पडू नये. एसएम, म्हणजे आमची स्टेज मॅनेजर, ओरडते "फाइव्ह मिनिट्स" आणि सगळ्यांनी "थँक यू फाइव्ह" म्हणायचं, म्हणजे ऐकलं हे तिला कळतं. मी पहिल्या दिवशी नुसती मान हलवली तर तिने माझ्याकडे बघून परत म्हटलं "फाइव्ह मिनिट्स". थँक यू फाइव्ह, बाई.

त्या आठवड्यात मी एक घोळ घालत होते जो माझ्या लक्षातच नव्हता. लेक काठी घ्यायला विंगेत यायची, घेऊन जायची, आणि स्टेजवर जाता जाता एकदा माझ्याकडे बघायची, बरोबर आहे ना अशा नजरेने, आणि मी आपली अंगठा दाखवायची. बुधवारी टीचरनी नोट दिली, सातवा दिवा दर वेळी अर्धा ठेका उशिरा. मला वाटलं दोरी लांब झाली असेल, मी मोजपट्टी घेऊन बसले. दोरी तीन फूटच होती. एसएम येऊन एवढंच म्हणाली, प्लीज तुम्ही पडद्याच्या अजून आत उभ्या राहा.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन शो. मी एकही समोरून बघितला नाही, अंधारात काळ्या पडद्यामागे. पण ट्रॉम्बोन सुरू झाला की पोटात गोळा यायचा, आणि शेवटी ऑर्फियस पुढे, युरिडिसी मागे, सगळे गप्प, तेव्हा तिन्ही रात्री मला वाटलं आज हा पोरगा नाही वळणार. पहिल्या रात्री तो वळल्यावर प्रेक्षकांत कुणीतरी लहान मूल मोठ्यांदा "नोओओ" म्हणालं, त्याला बहुतेक गोष्ट माहिती नव्हती. आणि सात दिवे, उलट्या कुंड्यांचे, ठेक्यात हलले. ते मी कडेने, काठ्यांच्या मागून बघितलं.

शनिवारी रात्री शो संपल्या संपल्या स्ट्राइक, म्हणजे अख्खा सेट मोडायचा, महिनाभर बांधलेलं दीड तासात कचऱ्याच्या डब्यात, पोरं रडत रडत स्क्रू काढतायत. त्यानंतर एक काम असतं जे कुणी सांगत नाही. आमच्याकडची स्क्रिप्टची पुस्तकं भाड्याची होती, कंपनीला परत पाठवायची, आणि त्यात पेन्सिलने लिहिलेलं सगळं खोडून पाठवायचं. म्हणून मंगळवारी आम्ही चार आया शाळेच्या कॅफेटेरियात खोडरबर घेऊन बसलो. श्वास घे, डावीकडे तीन पावलं, हसू नकोस, असलं काय काय लिहिलेलं पोरांनी. माझ्या गठ्ठ्यात लेकीचं पुस्तक आलं. दिव्यांच्या गाण्याच्या पानावर कडेला, रविवारच्या मराठी शाळेतल्या त्या वाकड्या अक्षरात, दोनदा गिरवून लिहिलं होतं: "आई तिथेच आहे. बघू नको."

गिरवलेलं असल्यामुळे खोडायला वेळ लागला, कागद जरा खरवडला तिथे. मग एसएमने पुस्तकं मोजून घेतली, एक कमी भरलं, ते ट्रॉम्बोनवाल्याच्या गाडीत सापडलं.