आमची वाटचाल : पट्टी काळी पडली म्हणजे झालं?

१९९६ साली लालबागच्या चाळीत, जिन्याखालच्या जागेत आमचं काम सुरू झालं. आयटीआय केलेला मी एकटा आणि हत्यारांची एक पेटी. दवाखान्यांचे ऑटोक्लेव्ह दुरुस्त करायचे, म्हणजे दाबाच्या वाफेने हत्यारं-गॉज निर्जंतुक करायची मशीनं. गॅस्केट बदल, हीटर बदल, सेफ्टी व्हॉल्व्ह साफ कर. सामान प्रिन्सेस स्ट्रीट नाहीतर लोहार चाळीतून. दाबाचा काटा १५ पौंडांवर गेला की पैसे घ्यायचे आणि निघायचं. आत काय होतं याच्याशी माझा संबंध नव्हता.

तो जोडून दिला दादरच्या एका सर्जनबाईंनी. टाके घातलेल्या दोन पेशंटच्या जखमा त्यांच्याकडे पिकल्या होत्या आणि मशीन नुकतंच माझ्या हातून गेलेलं. म्हणाल्या, "काटा बरोबर आहे हो तुमचा, पण आत वाफ आहे की हवा?" मला उत्तर देता आलं नाही.

दोन दिवस तिथे नुसता बसून बघत राहिलो. उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये पाणी उकळलं की आधी आतली हवा जाऊ द्यायची. वाफेची सलग धार आली की मग व्हेंट (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) बंद. ओपीडीच्या घाईत मावशी तो आधीच बंद करत. हवा कोंडली की काटा १५ दाखवतो, पण तापमान १२१ अंशांना पोचत नाही. त्यातून गॉज ठेवायचा ड्रम लोकलच्या डब्यासारखा खच्चून भरलेला, त्याच्या भोकांची झडप बंद. उष्णता लागली की काळी पडणारी ड्रमवरची पट्टी मात्र काळीकुट्ट! ती बाहेरून चिकटवलेली. आतल्या गॉजचं ती बिचारी काय सांगणार?

तेव्हापासून आम्ही जिवाणूबीजांची, म्हणजे वाफेने सहज न मरणाऱ्या जिवाणूंची, कुपी वापरू लागलो. ड्रमच्या मध्यात ठेवायची, नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवायची. जांभळ्याची पिवळी झाली तर जिवाणू जगले. सोबत न तापवलेली एक कुपी असते, ती पिवळी व्हायलाच हवी. नाही झाली तर कुप्याच मेलेल्या. "इतकी वर्षं काही झालं नाही," हे वाक्य किती डॉक्टरांकडून ऐकलं, मोजलं नाही.

पण सगळ्यात मोठी चूक आमचीच. २००९ साली आमचा मास्टर गेज (ज्यावरून बाकीचे काटे जुळवायचे तो) पहिल्यांदा लॅबमध्ये तपासायला दिला. तो दोन पौंड जास्त दाखवत होता. म्हणजे आम्ही १५ म्हणून लावून दिलेली मशीनं खरी १३ वर चालत होती. बायको म्हणाली, "फोन नको, स्वतः जाऊन सांगा." एकतीस दवाखाने, स्वखर्चाने. तिघांनी आम्हाला सोडलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दवाखान्यांच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनंतर पिवळ्या-लाल पिशव्या, सुयांचे पांढरे डबे, काचेचे निळे खोके हेही लोक आम्हालाच विचारू लागले. आज भांडुपला गाळा आहे, चार माणसं आहेत.

मागच्या पावसाळ्यात चिंचपोकळीच्या एका डेंटिस्टची कुपी पिवळी झाली. शनिवार, रात्रीचे नऊ. ते म्हणाले, "सोमवारी बघू ना." म्हटलं, "नाही डॉक्टर, ते हत्यारांचे पाऊच आत्ताच बाजूला काढा, मी निघालोय." मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता, पाऊच एकावर एक आडवे रचले होते. उभे कसे लावायचे ते त्यांच्या असिस्टंटला दाखवलं, नवी कुपी ठेवली आणि शेवटच्या स्लो लोकलने परत आलो. बिल केलं फक्त कुपीचं.